ताकाइतकं आंबट

मी टाके घालते. झाडांना.
बडोद्याच्या बॉटनीत, वाळल्या पानांच्या खोलीत,
एकतीस वर्षं, चाळीस नंबरचा दोरा,
देठाखालून वर, वरून खाली, गाठ मागच्या बाजूला.
फुलाला सुई लागता कामा नये,
एवढंच इनामदारबाईंनी शिकवलं.
बाकीचं हाताला आपसूक येतं.

एकोणीस शीटं परदेशची.
हाल्वोर्सन नावाचा कुणी
आपल्याकडच्या गवतांच्या बदल्यात धाडायचा,
कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहायचा.
बाई वाचून दाखवायच्या:
झुडपांची दलदल. जमीन पायाखाली हलते.
पाणी ताकाइतकं आंबट.
(ताक बाईंचं. त्याला कुठून ठाऊक असणार.)

गुडघ्याएवढी झुडपं,
पान उलटलं की खाली तांबूस लोकर.
एक फळ, मिऱ्याएवढं सुकलेलं.
घटपर्णी, तिच्या पोटात अजून एका माशीचा पंख.
दवबिंदू, ज्याचं दव
साठ वर्षांपूर्वी रद्दीच्या कागदाला चिकटून गेलं.
कापूसगवत, अजून पांढरं.
आणि शेवाळ, पाकिटात, चुरा.

पण आमच्याकडे कुळाप्रमाणे लावतात.
लोकरवाल्या झुडपांचं कपाट चौदा.
कापूसगवत मोथ्यांत, कपाट तीस.
दवबिंदू वरच्या मजल्यावर,
घटपर्णी त्याच्या पलीकडच्या भिंतीला,
शेवाळ तळमजल्यावर, बुटांच्या खोक्यात.
कपाटाला सोयरीक कळते,
शेजार कळत नाही.

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री आत आली.
तीन पायऱ्या चढून, सावकाश,
पाहुणीसारखी इकडेतिकडे बघत.
दिवे गेलेले. शनाभाई टॉर्च दातांत धरून
गठ्ठे वर नेत होता, मध्येच म्हणाला,
बेन, मगर आली तर तिलाही टाके घालशो?
मी म्हटलं, आधी वाळव तिला.

दुसऱ्या दिवशी व्हरांडाभर पानं.
पंखे बंद, रद्दी कमी, जो गठ्ठा हाती येईल तो उघडायचा.
लेबलांची शाई पसरलेली, पेन्सिल मात्र जशीच्या तशी.
म्हणून मी पेन्सिलीवरून लावत गेले,
तारीख तीच, हात तोच,
झुडूप, त्याच्या पायाशी फळाची वेल,
मध्ये घटपर्णी, कडेला कापूस.
लावता लावता उठून उभी राहिले.
फरशीवर दोन चटयांएवढी
ती दलदल होती.

शेवाळाचं खोकं पाण्यात बुडालं होतं.
पाकिटं फुगून फुटलेली.
मूठभर उचललं तर ओल्या पोराच्या डोक्यासारखं जड.
हिरवं नव्हतं. जिवंतही नव्हतं,
ते मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.
पिळलं, पाणी चहासारखं निघालं.
मग केमिस्ट्रीतून लिटमसची पट्टी मागून आणली,
कपात नळाचं पाणी, त्यात ते शेवाळ,
जेवून येईपर्यंत ठेवलं.

निळी पट्टी गुलाबी झाली.
शनाभाईला दाखवली. तो म्हणाला,
कप कोणी विसळला नसेल, लिंबू राहिलं असेल.
दुसरा कप घेतला. स्वतः घासला.
गुलाबी.
साठ वर्षं मेलेलं, बुटांच्या खोक्यात,
आणि मिळालं ते पाणी
अजून आपल्या शेजाऱ्यांना मानवेल असं करत बसलेलं.

सोमवारी नवीन मॅडम आल्या.
लेबलं पुन्हा लिहायची, यादीप्रमाणे:
चौदा, तीस, वर, पलीकडे, खाली.
बरोबरच आहे. शोधणाऱ्याला सापडलं पाहिजे.
मी नवे कागद घेतले, नवे टाके.
एकोणीसच्या एकोणीस शीटांवर
शेवटचा एक टाका हिरव्या दोऱ्याचा,
पाकिटांच्या घडीवरसुद्धा.

मॅडमनी विचारलं, हा रंग का?
म्हटलं, पांढरी रीळ संपली होती.